हाताला साथ उजेडाची

आपल्या वडोदऱ्यात हातकामाला मान देण्याची परंपरा जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले, ते कला आणि हुन्नर शिकवण्यासाठीच. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. त्या परंपरेचा एक लहानसा धागा आमच्याही घरात आहे. मागच्या खोलीत आमचे सुतारकाम चालते. एक लांब टेबल, व्हाइस, रंधे, पटाश्या आणि लाकूड कातायचे छोटे लेथ, एवढाच आमचा कारखाना!

पण गेल्या दोनेक वर्षांत नाना म्हणू लागले, "आता पट्टीवरच्या रेघा दिसत नाहीत. हत्यारे कुणाला तरी देऊन टाका." नानांचे वय ७२. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की चष्म्याचा नंबर बरोबर आहे, मोतीबिंदूही नाही. मात्र या वयात उजेड जास्त लागतो. बाहुली लहान होते, आतले भिंग पिवळसर होते. त्यामुळे साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उरतो. खोली बंद झाली असती, तर नववीतल्या आमच्या मुलाचे नानांजवळचे शिकणेही थांबले असते. म्हणून आम्ही सर्वांनी मिळून आधी उजेडाचा अभ्यास करायचे ठरवले.

खोली १० फूट बाय १२ फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. जुन्या घरांप्रमाणे दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती आणि खिडकी एकच. छताच्या मधोमध ४० वॅटची एक जुनी ट्यूब. टेबल भिंतीला लागून असल्यामुळे ट्यूब काम करणाऱ्याच्या पाठीमागे यायची आणि त्याचीच सावली नेमकी कामावर पडायची.

दुकानात आम्हाला "जास्त वॅट म्हणजे जास्त उजेड" असे सांगण्यात आले. पण वॅट हा विजेचा खर्च असतो. उजेड मोजायचा तो ल्यूमेनमध्ये. एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन पडला की एक लक्स. बारीक कामाला टेबलावर ५०० लक्स तरी हवेत. हिशोब मुलाने मांडला. ११ गुणिले ५००, म्हणजे ५५०० ल्यूमेन. २० वॅटची एलईडी ट्यूब सुमारे २००० ल्यूमेन देते. कागदावर तीन पुरल्या असत्या. पण काही उजेड भिंती खातात, काही धूळ खाते. म्हणून आम्ही चार घेतल्या. चारही मिळून ८० वॅट. चार तास जळल्या तरी एक तृतीयांश युनिटपेक्षा कमी वीज लागते. शिवाय काळवंडलेल्या भिंतींना आणि छताला पांढरा रंग दिला. उजेड वाढवण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

जागा ठरवणे अधिक महत्त्वाचे होते. दोन ट्यूब टेबलाला समांतर, उभ्या माणसाच्या कपाळाच्या थोड्या पुढे येतील अशा बसवल्या. सावली आता पाठीमागे पडते. उरलेल्या दोन लेथच्या बाजूला. टेबलाच्या डाव्या हाताला वाकवता येणारा दिवा लावला, कारण आमच्याकडे सगळे उजव्या हाताने काम करतात. हा दिवा अगदी खाली, आडवा धरला की रंधलेल्या फळीवरचा लहानसा ओरखडाही सावली टाकतो आणि लगेच दिसतो. प्रकाशाचा रंग आम्ही ४००० केल्विन निवडला, ना पिवळा ना निळसर. सागवानाला पॉलिश लावताना रंग खरा दिसावा म्हणून खोक्यावर सीआरआय ९० किंवा अधिक लिहिलेले पाहून घेतले.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. आपली वीज ५० हर्ट्झची असते. साधा चोक असलेली ट्यूब किंवा हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. लेथ मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ फेरे झाले. म्हणजे दर लुकलुकीला बरोबर पाव फेरा. चार जबड्यांचा चक पाव फेऱ्यानंतर जसाच्या तसा दिसतो. फिरणारे यंत्र डोळ्यांना थांबलेले वाटते आणि हात पुढे जातो! दिव्याखाली पेन्सिल झरझर हलवून पाहा. सलग पट्टा न दिसता सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर तो दिवा यंत्राजवळ लावू नये. आमच्या चारही ट्यूब आम्ही दुकानातच अशा पारखून घेतल्या.

वायरिंग मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घेतले. दिव्यांची लाइन यंत्रांपासून वेगळी ठेवली. यंत्रावर भार येऊन त्याचा एमसीबी पडला, तरी खोलीत अंधार होत नाही आणि फिरत असलेले पाते थांबेपर्यंत दिसत राहते.

आता संध्याकाळी खोलीत दोघे असतात. नाना गुण्या लावून रेघ मारतात, नातू करवत धरतो. हत्यारे देऊन टाकण्याची भाषा बंद झाली आहे. सध्या दोघांचे पाटाचे काम चालू आहे आणि सांध्यात कागद शिरतो की नाही, हे नाना स्वतः पाहतात.

पालकांना आमची विनंती एवढीच की, घरात शिवणयंत्र असो, चित्रकलेचा फळा असो की अभ्यासाचे टेबल, मूल तिथे बसले असताना एकदा सावली कुठे पडते ते पाहावे. शाळेच्या कार्यानुभवाच्या खोलीतही विश्वस्तांनी मुलांच्या हाती लक्समापक देऊन मोजणी करवून घ्यावी. गणित, विज्ञान आणि हातकाम यांचा एकत्र धडा होईल. आणि ज्यांचे डोळे थकले आहेत अशा घरच्या वडीलधाऱ्यांकडून शिकायचे राहिलेले बरेच काही मुलांना शिकता येईल.