वर आलेलं बिट

महेसाण्याच्या तेलविहिरींवर मी ड्रिलिंग शिकलो. विहिरीतून निघालेलं प्रत्येक बिट, म्हणजे पाइपच्या टोकाचं खडक फोडणारं अवजार, धुऊन, निरखून त्याची नोंद लिहायची, हे काम तिथे माझ्याकडे होतं. खडकांची माझी खरी ओळख त्या कामातून झाली.

महेसाणा ज्या खंबातच्या खोऱ्यात येतं, तिथे वरचे थर चिकणमातीचे आणि वाळूचे. तिथे लांब पोलादी दातांचं, तीन शंकूंचं बिट लागतं. शंकूंचे आस मध्यापासून किंचित सरकवलेले असतात, त्यामुळे दात खडकात रुततात आणि खरवडतातही. पण चिकणमाती फार चिकट निघाली आणि मडचा, म्हणजे विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या चिखलासारख्या द्रवाचा, प्रवाह कमी पडला, तर दातांमधल्या खाचा लिंपून जातात. मग वजन वाढवूनही बिट जागच्या जागी फिरत राहतं.

खाली शेल, म्हणजे पापुद्र्यांचा मऊ खडक, लागलं की पीडीसी बिट. त्यात शंकू नाहीत, बेअरिंग नाही. कृत्रिम हिऱ्याचा थर दिलेल्या चकत्या खडक कातरत नेतात. शेलमध्ये ते इतक्या झपाट्याने उतरतं, की पाइप जोडणाऱ्यांना उसंत मिळत नाही.

आणि या सगळ्याच्या तळाशी दख्खनचा बेसाल्ट! मी साताऱ्याचा. लहानपणापासून पायाखाली असलेला कातळ गुजरातेत एवढ्या खोल भेटला, तेव्हा मला फार अप्रूप वाटलं. त्याची चाहूल आधी टॉर्कने, म्हणजे बिट फिरवणाऱ्या पिळाने, दिली. काटा झटके देऊ लागला. मड गाळणाऱ्या शेकरच्या जाळीवर राखाडी शेलमध्ये काळे कण दिसले ते नंतर, कारण मडबरोबर वर यायला त्यांना वेळ लागतो.

पीडीसीच्या चकत्या झिजेला चिवट, पण धक्क्याला ठिसूळ. बेसाल्टला टंगस्टन कार्बाइडची आखूड, गोलसर बटणं असलेलं तीन शंकूंचं बिट हवं. ते भाराखाली खडक चिरडतं. मात्र बिट बदलायचं म्हणजे सगळे पाइप बाहेर काढून पुन्हा सोडायचे. खोल विहिरीत त्यात पाळीच्या पाळी जाते. म्हणून "अजून थोडं चालेल" हा मोह प्रत्येक रिगवर असतो.

त्या मोहाची किंमत गेज रिंग, म्हणजे बिटाच्या पूर्ण मापाची कडी, दाखवते. दातांची झीज ० ते ८ अशी मोजतात. पण रिंग बिटाभोवती सैल बसली, तर बिटाचा व्यास घटलाय आणि तळाचं भोकही अरुंद झालंय. नवं पूर्ण मापाचं बिट तिथे अडकू शकतं, आणि खोदलेलाच भाग पुन्हा रुंद करत जावं लागतं. चकत्या तुटलेल्या असतील तर धक्के बसलेत, सगळीकडे सारखी झीज असेल तर निवड बरोबर होती.

वेग, वजन, टॉर्क आज स्क्रीनवर दिसतात, ते उपयोगीच आहे. तरी पुढचं बिट ठरवण्याआधी मागचं डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून रिगवर आलेल्या नव्या इंजिनिअरच्या हाती मी आधी गेज रिंग देतो.