कात्रजचा खणखणीत संडे

कात्रज म्हटलं की पुणेकराला तीन गोष्टी आठवतात: घाट, दूध आणि साप. ट्रेकवाल्यांना चौथी, सिंहगडापर्यंतची नाइट वॉक. पण बॉस, कात्रजला जाऊन जुने स्पीकर दुरुस्त करणं हाही एक हटके वीकेंड प्लॅन होऊ शकतो. हसू नका, पुढे वाचा.

आधी कात्रज चौकात पाच मिनिटं उभे राहा. घाट उतरून आलेली गाडी, मुंबईकडे जायला बायपास गाठणारा ट्रक, कोंढव्याकडे वळणारा टेम्पो, स्वारगेटला निघालेली बस. प्रत्येकाची वाट वेगळी. बसला स्वतःची लेन देणारा देशातला पहिला बीआरटी प्रयोगही २००६ च्या डिसेंबरात याच रस्त्यावर सुरू झाला. स्पीकरच्या खोक्यातही असाच एक चौक असतो. त्याचं नाव क्रॉसओव्हर.

खर्जातला जड आवाज मोठ्या वूफरकडे आणि बारीक, टोकदार आवाज छोट्या ट्वीटरकडे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. साध्या टू-वे स्पीकरमध्ये त्यासाठी दोन पार्ट पुरतात. वूफरच्या वाटेत तांब्याची कॉइल, ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर. कॉइल सहसा बिघडत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र वीस-तीस वर्षांत आतून सुकत जातो. आवाज एका दिवसात बंद पडत नाही, हळूहळू विझतो. म्हणून तर घरात कोणाच्या लक्षातच येत नाही!

कान की कपॅसिटर?

कात्रजला राहणाऱ्या माझ्या मित्राकडे हेच झालं. बाबांचे लग्नानंतर घेतलेले स्पीकर भंगारवाल्याकडे निघाले होते. ‘‘अरे, घालव एकदाचे,’’ काका म्हणाले. ‘‘तबल्याची चाट ऐकू येईना हल्ली. स्पीकरचं काय, आता माझंच वय झालं.’’ दोन वर्षं ते टीव्हीसमोर गप्प बसायचे. रेकॉर्ड लावणं तर बंदच.

आम्ही मागची फळी उघडली. ट्वीटरवर मल्टिमीटर लावला तर साडेसहा ओहम. ८ ओहमच्या ट्वीटरला एवढं रीडिंग ठीक, म्हणजे तो जिवंत होता. मग कपॅसिटरचा एक पाय सोडवून मोजला. अंगावर छापलेलं ४.७ मायक्रोफॅरड, मीटरवर १.९. दुसऱ्या स्पीकरमधला २.३.

आता गणित बघा. ८ ओहमला ४.७ मायक्रोफॅरड असेल, तर ट्वीटर साधारण ४,२०० हर्ट्झपासून वर काम करतो. १.९ झाला की तीच सीमा साडेदहा हजारांच्या आसपास सरकते. मधल्या पट्ट्यात ट्वीटर जवळपास गप्प, आणि वूफरला ते जमत नाही. तबल्याची चाट, झांजेचा किणकिणाट, गाण्यातला स, श नेमका तिथेच हरवला होता.

लगेच बस पकडली, बुधवार पेठेत उतरलो. तपकीर गल्लीच्या आसपास ४.७ चे दोन फिल्म कपॅसिटर मिळाले. दोन सोल्डर, एक चहा, काम फत्ते. काकांनी तबल्याची रेकॉर्ड लावली. पहिल्या आवर्तनातच मान वर झाली. ‘‘च्यायला, म्हणजे कान ठीक आहेत माझे!’’ काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘मग आता हाक मारली की ओ देत जा.’’

पेशव्यांचा मेंटेनन्स फंडा

संध्याकाळी आम्ही तलावावर गेलो. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास इथून थेट शहरात पाणी नेलं. पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उतारावर जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत. बांधताना त्यांनी एक शहाणपणा केला. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. म्हणजे नळाला हवा मिळते आणि आत उतरून गाळही काढता येतो. वस्तू टिकवायची तर ती उघडता आली पाहिजे, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. जुन्या स्पीकरच्या मागे चार स्क्रू असतात ना, तो त्यांचा उच्छ्वास समजा. आणि आपल्या टेबलावरचा चिकटवून बंद केलेला ब्लूटूथ स्पीकर? त्याला असा उच्छ्वासच नाही.

तुम्हीही करणार?

* अँप बंद करा, वायरी काढा, सोडवण्याआधी फोटो काढून ठेवा.
* कपॅसिटर त्याच व्हॅल्यूचा घ्या आणि दोन्ही स्पीकरमधले एकदमच बदला. प्लस-मायनसवाला साधा इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही, नॉन-पोलर किंवा फिल्म मागा.
* फिल्म टाकल्यावर आवाज जास्तच झणझणीत वाटला, तर ट्वीटरच्या वाटेत एखाद्या ओहमपेक्षा कमीचा रेझिस्टर लावून बघा.
* ट्रेबलचा नॉब खरखरत असेल, तर आधी काँटॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा फिरवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

संडे प्लॅन: घरात जुने स्पीकर नसतील, तर सकाळी जुना बाजार गाठा. तो रविवारी आणि बुधवारी भरतो. पण रविवारच बरा, कारण बुधवारी कात्रजचं प्राणिसंग्रहालय बंद असतं. स्वारगेटहून कात्रजला बस सतत मिळते. येताना स्पीकर मांडीवर घ्या, कंडक्टरने विचारलं तर सांगा, कात्रजला कान तपासायला चाललोय.