संत्र्याच्या बागेंतील ट्रॅक्टर

आर्वी, आष्टी, कारंजा या वर्धा जिल्ह्यांतील तालुक्यांत ज्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत, त्यांच्या घरीं सांप्रत एक वाद वारंवार ऐकूं येतो : ट्रॅक्टर घ्यावयाचा, तर केवढा ? आमच्याहि एकत्र कुटुंबांत हा वाद वर्षभर चालला. पुतण्यांचा ओढा मोठ्याकडे, आमचा कौल लहानाकडे. त्या वादाचें सार वाचकांस उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें देतों.

यंत्र निवडण्यापूर्वीं काम कोणतें, हें ठरविलें पाहिजे. मोकळ्या वावरांत खोल नांगरट करावयाची, तर मोठें यंत्र शोभतें. बागेंतील मुख्य काम म्हणजे पावसाळ्यांतील गवत आवरणें. संत्र्याचीं अन्न शोषणारीं मुळें बहुतेक जमिनीच्या वरच्या फूटभर थरांतच पसरलेलीं असतात. तेथें रोटाव्हेटर फिरविला कीं मुळें तुटतात आणि त्या जखमांतून डिंक्या रोगास वाट मिळते. म्हणून माती उकरण्यापेक्षां गवत कापणें बरें. कापलेलें गवत तेथेंच पडून जमिनीस आच्छादन होतें. गाजरगवत मात्र फुलावर येण्यापूर्वींच कापावें.

संत्र्याचीं झाडें सामान्यतः ६ मीटरांवर लावतात; पण तीं भरास आलीं कीं मधली वाट अरुंद होते व फळांनीं लवलेल्या फांद्या खालीं झुकतात. अशा वाटेनें १५ ते २५ अश्वशक्तीचा, अरुंद व बसक्या बांध्याचा ट्रॅक्टरच सुखरूप जातो. त्याची धुराची नळी उभी नसावी. ती फांद्यांत अडकते. कापणीयंत्राची रुंदी दोन्ही चाकांच्या बाहेरील अंतराहून थोडी अधिक असावी. नाहीं तर चाकाखालीं दबलेलें गवत पात्यांतून सुटतें. आमची काळी जमीन ओली असतां जड यंत्राखालीं दडपून जाते. तेव्हां हलकें यंत्रहि वाफसा आल्यावांचून आंत घालूं नये. फिरतें पातें दगड गोळीसारखा फेंकतें. मुलांस त्या बाजूस फिरकूं देऊं नये.

येथपर्यंत वाद सोपा होता. अवघड प्रश्न निराळाच निघाला. बागेंतील गवत आजवर गांवांतल्या बाया विळ्यानें कापून नेत. त्यांच्या घरचीं गुरें त्यावर जगत. यंत्र त्या गवताचा चुरा करतें आणि मातींत मिसळलेला चुरा गुरांच्या उपयोगीं पडत नाहीं. आमची मजुरी वांचते, त्यांचा चारा जातो. हा हिशेब विक्रेत्याच्या पत्रकांत नसतो. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्याच्या मगनवाडींत होतें. यंत्राच्या लाभाबरोबर त्यानें कोणाचा रोजगार जातो, हेंहि मोजावें, असा आग्रह तेथें जे. सी. कुमारप्पा धरीत असत. आमच्या ओसरीवर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

अखेर ठरलें तें असें : ओळींमधलें गवत यंत्रानें कापावें, धुऱ्यावरचें आणि बुंध्याभोंवतींचें विळ्यासाठीं राखावें. बुंध्याजवळ यंत्र नेल्यास साल सोलते आणि पुन्हा डिंक्याचें भय; म्हणजे बायांचा हक्क व झाडाचें हित एकाच ठिकाणीं आलें. स्थालीपुलाकन्यायानें पुतण्यांनीं भाड्याचें लहान यंत्र एका ओळींतून फिरवून पाहिलें व तें त्यांस पटलें. हा हंगाम भाड्यानेंच काढावयाचा, असें सर्वांच्या मतें ठरलें आहे. कर्ज काढावें कीं नाहीं, तें गवताची दुसरी कापणी झाल्यावर पाहूं.