मांजरांची वर्गणी

महाविद्यालयाच्या आवारातील भटक्या मांजरांची नसबंदी करावी, असे प्राध्यापक-कक्षात सुचवले तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "विद्यार्थ्यांच्या फीसाठी वर्गणी निघत नाही, आणि मांजरांसाठी?" प्रश्न रास्त होता, अजूनही आहे. पण भाटी पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते. पिल्ले पोत्यात घालून दूर सोडल्याने हा हिशेब मिटत नाही. मुंबई महापालिकेने २०१९मध्ये मांजरांची नसबंदी सुरू केली. आमच्या तालुक्याच्या गावी मात्र डबा आम्हीच फिरवला. पहिली नोट त्याच सहकाऱ्यांनी टाकली, तीही पावती मागून! सात मांजरे शस्त्रक्रिया होऊन, खुणेसाठी कानाचे टोक छाटून आवारात परतली. आठवी, करडी भाटी पिंजऱ्याकडे नुसतीच पाहते. डब्यात तिच्यापुरते पैसे शिल्लक आहेत.