गादीवरून उठता आले पाहिजे

सिन्नरच्या बाजारपेठेत सकाळी दुकानांची शटर वर जातात, तसबिरीपुढे उदबत्ती लागते आणि गल्ल्यामागची माणसे आपापल्या जागी बसतात. त्याच सुमारास बँकांच्या शाखांत संगणक सुरू होतात, माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींतील कचेऱ्यांत हिशेबनीस खुर्च्या पुढे ओढतात आणि जुन्या वस्त्यांत विडी वळणाऱ्या स्त्रिया मांडीवर सूप घेऊन बसतात. यादवकाळात राजधानीचा मान मिळालेल्या या गावात आज कितीतरी घरांची चूल बसून केलेल्या कामावर पेटते. शेतात किंवा हमालीत झिजणारे शरीर डोळ्यांना दिसते. बसून झिजणारे दिसत नाही. म्हणूनच 'बसून तर काम आहे' हे वाक्य घरोघरी समाधानाने उच्चारले जाते.

येथील एका बँकेत रोख विभाग सांभाळणारे एक अधिकारी आणि बाजारपेठेतील किराणा-भुसार मालाचे एक व्यापारी यांचा परिचय पंचवीस वर्षांचा. एक काचेच्या आत बसलेले, दुसरे गादीवर. रोजचा भरणा घेऊन शेठजी शाखेत येत, दोन शब्द बोलत आणि परत जात. पुढे भरणा घेऊन नोकर येऊ लागला, त्यानंतर बरेचसे व्यवहार मोबाइलवरच होऊ लागले. सोय वाढली आणि दिवसाकाठी घडणारी ती शंभर-दोनशे पावलांची फेरीही संपली. त्या वेळी ती कोणाच्या हिशेबात नव्हती.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. १० तारखेला बँका उघडल्या त्या रांगांना तोंड देतच. १२ आणि १३ नोव्हेंबरचा शनिवार-रविवारही कामाचाच ठरला. त्या आठवड्यांत अधिकारी सकाळी खिडकीवर बसत ते रात्री रोकड जुळल्यावर उठत. मधे उठायचे तर रोख कुलूपबंद करायची आणि रांगेतील माणसांची नजर सोसायची; त्यापेक्षा त्यांनी पाणी पिणेच कमी केले. संध्याकाळी मोजणीत एक नोट कमी भरली तरी भरपाई स्वतःच्या खिशातून, ही धास्ती दिवसभर मनगटावर बसलेली असे. घरी पोहोचेपर्यंत पाय एवढे सुजलेले असत की बुटाचा वळ घोट्यावर उमटे. अंथरुणावर पडल्यावरही डोळ्यांपुढे नोटांची बंडले फिरत.

जानेवारीत त्यांनी तपासणी करून घेतली. रक्तदाब १६४/१००, उपाशीपोटीची साखर मर्यादेच्या काठावर, कंबर १०२ सेंटिमीटर. अधिकाऱ्यांना नवल वाटले, थोडा रागही आला; कारण सकाळी गोंदेश्वराच्या मंदिरापर्यंत चालत जाऊन येण्याचा त्यांचा नेम अनेक वर्षांचा होता. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "अर्धा तास चाललात, हे उत्तम. उरलेल्या साडेतेवीस तासांचा हिशेब सांगा."

तो हिशेब लागण्यासारखा नव्हता.

बसून केलेल्या कामाचे दुखणे वैद्यकाला नवे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध केला आणि १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत लेखनिक व कारकुनांचा विचार केला. त्यांच्या दुखण्याची तीन कारणे त्यांनी नोंदवली : अखंड बसणे, हाताची एकाच प्रकारची अविरत हालचाल आणि हिशेबात चूक होऊन मालकाचे नुकसान होईल या काळजीने मनावर पडणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या यादीत बँकेची खिडकी आणि बाजारातील गादी दोन्ही बसतात.

पुढचा पुरावा लंडनच्या बसगाड्यांतून आला. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दुमजली बसच्या चालक व वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दोघेही एकाच गाडीवर, एकाच प्रकारच्या वस्तीतून आलेले. फरक एवढाच, की चालक पाळीभर बसून राही आणि वाहक दिवसभर जिना चढे-उतरे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत स्पष्टपणे कमी आढळले. टपाल खात्यात पत्रे वाटत हिंडणारे पोस्टमन आणि मेजावरचे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. पुढे मॉरिस यांनी बस कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कंबरघेर मोठा निघाला. हे मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

बसल्याने नेमके काय होते? मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू हे रक्तातील साखरेचे मोठे गिऱ्हाईक. ते थंड पडले की जेवणानंतर वाढलेली साखर रक्तात अधिक वेळ रेंगाळते. पोटऱ्या आकसून-सैलावून पायांतील रक्त वर ढकलतात. ते काम थांबले की पाय जड होतात व सुजतात. ताणाची गोष्ट वेगळी. वसुलीचा फोन, रोकडीतील फरक, करभरण्याची शेवटची तारीख, असे काही समोर आले की शरीर पळण्याच्या तयारीला लागते. नाडी आणि रक्तदाब चढतो, यकृत रक्तात साखर सोडते. पण पळायचे कोठे? माणूस जागेवरच बसून असतो. आलेली शक्ती खर्च होत नाही आणि हा प्रकार दिवसातून दहादा घडतो.

मग सकाळची फेरी व्यर्थ का? मुळीच नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा आणि बसण्याचा वेळ घटवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. मात्र २०१६ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक माणसांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यानुसार दिवसाला आठ तासांहून अधिक बसण्याने वाढणारा मृत्यूचा धोका भरून काढण्यासाठी रोज सुमारे ६० ते ७५ मिनिटांची हालचाल लागते. अर्ध्या तासाची फेरी ही जमा खरी, पण समोरची नावे बाजू तिच्याहून मोठी. २०१२ मधील एका प्रयोगाने दुसरी वाट दाखवली. दर वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटे रमतगमत चालले, तरी अखंड बसण्याच्या मानाने जेवणानंतरची साखर कमी चढते.

अधिकाऱ्यांनी ही गोष्ट शेठजींच्या कानावर घातली. शेठजी हसले. "साहेब, तुमचे ठीक आहे. मी दर वीस मिनिटांनी उठलो तर गल्ल्यावर कोण बसणार?"

या प्रश्नाचे उत्तर पुढच्याच उन्हाळ्यात द्यावे लागले, आणि ते फार महागात पडले. पेढीचा मुख्य कारभार शेठजींच्या थोरल्या बंधूंकडे होता. वय अठ्ठावन्न, सकाळी नऊ ते रात्री नऊ गादी सोडायची नाही हा त्यांचा अभिमान. एके दुपारी बोलताना त्यांची जीभ जड झाली आणि उजव्या हातातून पेन गळाले. थकवा असेल, उन्हाचा त्रास असेल, असे म्हणून त्यांना मागच्या खोलीत निजवण्यात आले. दोन तासांनी तोंड वाकडे दिसू लागले, तेव्हा गाडी नाशिककडे निघाली. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तपासणी होईपर्यंत ती वेळ टळून गेली होती. प्राण वाचले, उजवी बाजू आणि वाचा मात्र गेली.

घरावर दुःख कोसळलेच, आणि त्यापाठोपाठ एक वेगळेच संकट उभे राहिले. उधारी वहीत थोडी आणि थोरल्यांच्या डोक्यात फार होती. कोणाला किती सवलत कबूल केली, कोणत्या शेतकऱ्याला कांद्याचे पैसे येईपर्यंत थांबायचे सांगितले, कोणाचा माल परत यायचा, हे सारे त्या एका माणसाला ठाऊक. आणि तो समोर असूनही सांगू शकत नव्हता. वही पुढे धरली की त्यांचा डावा हात एखाद्या नावावर थरथरत थांबे आणि डोळ्यांत पाणी येई. गेलेल्या पैशापेक्षा ते डोळे घरच्यांना अधिक सलले.

त्या दिवसांत अधिकारी संध्याकाळी पेढीवर जाऊन हिशेबाला हात लावीत. तेथे त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. थोरले बंधू आळसामुळे बसून राहिले नव्हते. गादी सोडली तर काही बिघडेल, ही भीती त्यांना उठू देत नव्हती. गल्ल्याची किल्ली मुलाकडे नाही, भाव सांगण्याचा अधिकार मुनिमाला नाही, उधारीची माहिती भावाला नाही. असा माणूस उठणार तरी कसा? त्याचे बसणे आणि त्याचा ताण यांचे मूळ एकच होते.

बँकेत याच्या उलट रीत असते. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे विभागलेल्या असतात. जोखमीच्या पदांवरील कर्मचाऱ्यांनी वर्षातून एकदा किमान १० कामकाजाच्या दिवसांची सलग रजा घेतलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्याचा हेतू गैरव्यवहार उघडकीस यावेत हा. पण त्यातून शाखेला एक सवयही लागते. कोणत्याही एका खुर्चीवाचून काम अडत नाही. स्वतः अधिकारीच हे विसरून खिडकीला खिळले होते, याची त्यांना तेव्हा लाज वाटली.

पेढीवर बदल हळूहळू झाले. उधारी रोजच्या रोज खात्यावर चढू लागली. पुतण्याला गल्ल्याची दुसरी किल्ली मिळाली. पहिल्या महिन्यात त्याच्याकडून हिशेबात दोनदा चूक झाली. शेठजींनी ती सोसली. फोन आला की उभे राहून, येरझाऱ्या घालीत बोलायचे असे ठरले. पाण्याचा तांब्या गादीजवळून हलवून मागच्या खोलीत ठेवला गेला. तहान लागली की उठणे आलेच. दुपारी घरचा डबा मागवण्याऐवजी घरी जाऊन जेवायचे आणि जेवणानंतर लगेच न बसता दहा मिनिटे चालायचे. रात्री दुकान बंद करताना उद्याची कामे आणि मनातील काळज्या एका कागदावर लिहून तो कागद गल्ल्यात ठेवायचा, घरी न्यायचा नाही. महिन्यातून एकदा रक्तदाब मोजायचा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, ही मापे शेठजींनी दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवली. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे यांपैकी एक जरी दिसले तरी निजवायचे नाही, तडक मोठ्या रुग्णालयात न्यायचे, हे नोकरांनाही सांगून ठेवले.

घरात चौविहार पूर्वापार होता, पण धंद्याच्या वाढत्या व्यापात पुरुषांचा तो सुटला होता. रात्री दहाला जड जेवण आणि लगेच अंथरूण, असा क्रम झाला होता. तो पुन्हा सुरू झाला. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी गादी दुसऱ्याच्या हाती सोपवावीच लागते. पूर्वजांच्या पेढ्या याच नियमाने रोज संध्याकाळी मालकावाचून तासभर चालत होत्या, हे शेठजींना आठवले.

अधिकारी आता निवृत्त झाले आहेत. औषधाची एक गोळी चालू आहे, ती त्यांनी स्वतःच्या मनाने बंद केलेली नाही. कंबर ९३ वर आली आहे. थोरल्या बंधूंची वाचा थोडीफार परतली आहे. काठीच्या आधाराने ते अंगणात फेऱ्या घालतात आणि प्रत्येक फेरी बोटांवर मोजतात. दुपारी चारच्या सुमारास शेठजी बाजारातून अधिकाऱ्यांच्या घरापर्यंत पायी येतात. दोघे मिळून थोरल्यांकडे जातात आणि त्यांच्या चालीने दोन फेऱ्या घालतात.

तेवढ्यात एखादे जुने गिऱ्हाईक दुकानात डोकावते, रिकाम्या गादीकडे पाहून दचकते आणि विचारते, "शेठजी कुठे?"

पुतण्या वहीतून मान वर करून सांगतो, "चालायला गेलेत. काय हवं ते मला सांगा."