उद्यमनगरातलं देणं

काही देणी वहीत मांडता येत नाहीत, असं म्हणायची पद्धत आहे. माझा व्यवसाय लेखापरीक्षणाचा, त्यामुळं मला हे कधी पटलेलं नाही. देणं आहे ना, मग नोंद हवी. रक्कम ठरत नसेल तर निदान तपशील तरी हवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचं देणं माझ्याकडं बरीच वर्षं थकलंय. त्याचा हा तपशील.

सहकारी संस्थांचं ऑडिट म्हणजे निम्मं काम दप्तराचं आणि निम्मं रस्त्याचं. दूध संस्था, सेवा सोसायट्या, पतसंस्था. आज राधानगरी, उद्या आजरा, परवा चंदगड. माहेर गडहिंग्लजचं, म्हणजे सुट्टीलाही गाडी उभी राहायची नाही. २००३ सालची आमची पांढरी गाडी २०१४मध्ये दोन लाख चाळीस हजार किलोमीटरच्या पुढं गेली होती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या रस्त्यांवर एवढं पळाल्यावर कुणाचीही गाडी कुरकुरणारच, त्यात कंपनीचा काही दोष नाही.

त्या वर्षी तिला थरथर लागली. सत्तरपर्यंत काही नाही. ऐंशीला काटा आला की स्टीअरिंग हातात वळवळायला लागायचं, शंभराच्या आसपास पुन्हा जरा निवळायचं. घाटात मात्र प्रकार निराळा होता. तिथं वेग कमी असूनही गाडीचं सगळं नाक डावी-उजवीकडं हेलकावायचं. आणि सिग्नलला एसी लावून उभं राहिलं तर डॅशबोर्ड बारीक गुणगुणायचा.

चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. रिमच्या कडेला शिशाचे नवे तुकडे ठोकून झाले, मशीनवर शून्य आलं, आणि महामार्गावर ऐंशीला थरथर परत हजर. मग एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाला मी तिन्ही प्रकार सांगितले. त्यानं जॉब कार्डवर एकच शब्द लिहिला, ‘व्हायब्रेशन’, आणि विचारलं, "गाडी चालवतं कोण?"

"मीच."

"मग एकदा साहेबांना घेऊन या ना."

आमचे साहेब गाडी चालवत नाहीत. त्यांना लायसन्सही नाही. हे सांगितल्यावर त्यानं एस्टिमेट काढून दिलं: चार टायर, चार शॉकॲब्सॉर्बर, लोअर आर्म, इंजिनचे सगळे माउंटिंग. गाडीच्या त्या वेळच्या किमतीच्या निम्म्यावर आकडा गेला. ह्यातल्या नेमक्या कशानं थरथर जाईल, असं विचारलं तर म्हणाला, "सगळं केल्यावर जाईलच की." व्हाउचर नसलेला खर्च मी कुणाचा मंजूर केलेला नाही, स्वतःचा कसा करणार? भावाचं मत सरळ होतं, विकून टाक.

मिस्त्रींचा पत्ता एका सोसायटीच्या चेअरमननी दिला. शिवाजी उद्यमनगरात ज्यांचं जाणं झालंय त्यांना ती गल्ली डोळ्यांसमोर येईल. एकीकडं फौंड्री, एकीकडं लेथ, मध्ये वेल्डिंगवाला, आणि सगळीकडं लोखंडाचा किस. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रींचं गॅरेज. साठीचा माणूस, चष्म्याला दोरी, हाताशी शाळेतली पोरं वापरतात तसल्या खडूंची पेटी. खडू कशाला, ते नंतर कळलं.

मी गाडी लावली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसले, मलाही एक दिलं, आणि म्हणाले, "थरथरती म्हंजे कवा, ताई?"

मी सांगू लागले. मध्ये ते थांबवायचे, पण खोडून काढायला नव्हे. "हाताला लागतंय, का पायाला, का..." इथं क्षणभर अडले आणि म्हणाले, "का सीटला?" योग्य शब्द त्यांना माहीत होता, बाईमाणसासमोर सीटवर भागवला. स्टीअरिंगला लागत असेल तर पुढची चाकं, सीटला लागत असेल तर बहुधा मागची, फक्त ब्रेक दाबल्यावर पेडलला धक्के बसत असतील तर डिस्क. गाडी वळवताना घोंगावणं वाढत किंवा कमी होत असेल तर बेअरिंग. पुरं स्टीअरिंग फिरवून गाडी काढताना कट्‌कट्‌ वाजत असेल तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. हे सगळं त्यांनी मला शिकवायला म्हणून सांगितलं नाही. ते प्रश्न विचारत गेले आणि मी ‘हो’ म्हटलं की ‘नाही’ म्हटलं यावरून त्यांच्या हातातल्या यादीतली नावं गळत गेली, ती मी बघत होते.

शेवटी म्हणाले, "एक वही करा. किती स्पीड, कुठला गेर, चढ का उतार, पाय दाबलेला का सोडलेला. मग या."

ऑडिटरला वही करायला सांगणारा मेकॅनिक! मी त्याच संध्याकाळी रकाने आखले.

काही दिवसांनी वही घेऊन गेले. त्यांनी ती खरोखर वाचली, बोट फिरवत, ओळ न्‌ ओळ. मग म्हणाले, चला. गोकुळ शिरगाव सोडून कागलकडं जाणाऱ्या महामार्गावर आम्ही गेलो. मी चालवत होते, ते मागं बसले, दोन्ही तळवे सीटखाली घालून. सरळ आणि मोकळा रस्ता बघून म्हणाले, "ऐंशीला न्या. आता न्यूट्रल टाका. इंजिन बंद करायचं न्हाई हं, ब्रेक दगड हुतंय." तेही खरं. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो. ते बंद पडलं की एखाद-दोन वेळा पाय लागतो, मग सगळं आपल्या मांडीच्या जोरावर.

न्यूट्रलला इंजिनचा आवाज एकदम खाली आला. स्टीअरिंगची थरथर होती तश्शी राहिली. "इंजिन सुटलं," मिस्त्री मागून म्हणाले. "ॲक्सलवरची ओढबी सुटली. उरली चाकं."

घरी जाऊन मी आकडेमोड केली, सवयच आहे. आमच्या तेरा इंची चाकाचा घेर साधारण एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. ताशी ८० किलोमीटरला ते सेकंदाला बारा फेरे मारतं. रिमच्या कडेला नुसतं दहा ग्रॅम वजन जास्त असलं तर त्या वेगाला ते जवळजवळ एक किलोच्या जोरानं चाकाला बाहेर ओढतं, आणि सेकंदातून बारा वेळा दिशा बदलत ओढतं. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट. मग शंभराला थरथर निवळायची का? कारण स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरसकट चाकाच्या जोडणीची स्वतःची एक लय असते, आणि फेऱ्यांची गती त्या लयीला गाठते तिथंच हादरा मोठा होतो. पुढं गेलं की जोड सुटते.

पण बॅलन्सिंग तर झालं होतं. इथं खडू आला. मिस्त्रींनी पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, विटेवर मनगट टेकवून खडू टायरपासून केसभर लांब धरला आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. खडू टायरला सगळीकडं लागला नाही. वीतभर जागेत पांढरा पट्टा उमटला, बाकी चाक काळंच. मग टायर उतरवून तोच प्रयोग रिमच्या कडेवर. तिथंही पट्टा, त्याच बाजूला. कधीतरी खड्ड्यात आपटून रिम आउट झालेली होती. "वजन सारखं केलं म्हनून चाक गोल हुतंय व्हय?" मिस्त्री म्हणाले. मशीननं तिचं वजन बरोबर जुळवलं होतं, त्याची काही चूक नव्हती. त्याला विचारलंच होतं तेवढं.

स्टेपनीची रिम सरळ निघाली, ती पुढं बसवली. ऐंशीची थरथर गेली.

घाटातली उरली. तिच्यासाठी तवंदी घाटापर्यंत जावं लागलं. निपाणी सोडून संकेश्वरकडं जाताना चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये मी ॲक्सिलरेटर दाबला आणि नाक हेलकावायला लागलं. "सोडा," मिस्त्री म्हणाले. पाय उचलला, हेलकावे गप्प. दाबला, सुरू. माझ्या वहीत हे लिहिलेलं होतंच. परत आल्यावर त्यांच्या हाताखालचा पोरगा माउंटिंग खोलायला पाना घेऊन वाकला, तर त्याला म्हणाले, "ताई म्हनत्यात पाय सोडला की जातंय. उभ्या गाडीत रेस करून बघितलं, न्हाई येत. मग माउंटिंग कशाला खोलतोस?"

हे वाक्य ऐकलं आणि मला काउंटरवरचा तो ‘साहेबांना घेऊन या’ आठवला. गेली कित्येक वर्षं रोज ती गाडी माझ्या हातात होती. तिच्याबद्दल मी काय म्हणते हा कुणाच्या तरी तर्काचा पाया होऊ शकतो, हे त्या शेडमध्ये पहिल्यांदा घडलं. मिस्त्रींनी ते काही माझा मान राखायला केलं नसावं. त्यांना पुरावा हवा होता आणि तो माझ्याकडं होता, इतकंच. मला ते जास्त आवडतं.

दोष ॲक्सलच्या आतल्या जॉइंटचा निघाला. गिअरबॉक्सच्या बाजूचा हा जॉइंट एका वाटीत बसतो. चाक वरखाली होताना ॲक्सलची लांबी कमीजास्त व्हावी लागते, म्हणून वाटीच्या तीन खाचांत तीन रोलर आतबाहेर सरकत असतात. दोन लाखांवर किलोमीटर ते त्याच एका जागी घासले होते. वरचं रबरी बूट फाटलेलं नव्हतं म्हणून कुणी आत बघितलं नव्हतं. मिस्त्रींनी काळं पडलेलं ग्रीस चिंधीनं पुसलं आणि वाटी माझ्यापुढं धरली. "नख फिरवा." डोळ्याला खाच गुळगुळीत दिसत होती. नख मात्र मधेच एका कंगोऱ्याला अडकलं, सुटलं, परत अडकलं. चढावर जोर आला की रोलर त्याच कंगोऱ्याला अडायचा आणि सुटायचा, आणि तो झटका आळीपाळीनं तिन्ही खाचांतून गाडीच्या नाकापर्यंत पोचायचा.

तिसरी थरथर, सिग्नलला एसी लावल्यावरची, ती माउंटिंगचीच होती. रबर बसलं होतं. ते बदलायला मात्र त्यांनी नकार दिला. "ह्याच्यात पैसे घालू नका. त्रास न्हाई, नुसता आवाज हाय. ऱ्हाऊ द्या." जॉइंटचे आणि मजुरीचे पैसे घेतले. एवढे दिवस बघण्यात गेले त्याचं काय, म्हटलं तर म्हणाले, "बघायचं कुठं पैसं असत्यात?" एस्टिमेटच्या आठव्या भागात काम झालं. पण मी देणं म्हणते ते ह्या फरकाचं नव्हे. तो फरक मी मोजू शकते, मोजलाही.

त्यानंतर एका दूध संस्थेचं ऑडिट लागलं. रोजच्या संकलनात आणि पाठवलेल्या दुधात घट दिसत होती आणि संचालक मंडळाचा सचिवावर डोळा होता. मंडळाला ‘कोण’ हे हवं होतं. मी ‘कधी’ला धरून बसले. घट कधीपासून? सकाळच्या दुधात की संध्याकाळच्या? पुष्टकाळात किती, कृशकाळात किती? रकाने आखल्यावर दिसलं, की वाडीवर दुसरं संकलन केंद्र सुरू झालं तेव्हापासूनच घट आहे, आणि त्या केंद्राचं दूध वाढलं की वाढते, कमी झालं की कमी होते. गावठाणात लिटरच्या मापानं दूध घेत होते, वाडीवर इलेक्ट्रॉनिक काट्यावर किलोत, आणि रजिस्टरला दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिटर म्हणून बेरीज होत होते. एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं, म्हणजे वाडीच्या शंभर लिटरमागं कागदावर तीन लिटर गायब. कुणी दूध चोरलेलं नव्हतं. सचिव आजही त्याच संस्थेत आहेत. त्यांना उद्यमनगर कुठं आहे हे माहीत आहे, मिस्त्री कोण हे माहीत नाही.

२०१८मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, नोंदणीचं नूतनीकरण आलं, आणि आम्ही ती विकायची ठरवली. गिऱ्हाईक मिस्त्रींच्याच ओळखीचं, एमआयडीसीत कामाला जाणारा तरुण. सौदा त्यांच्या शेडमध्ये बसला. मी सर्व्हिसच्या पावत्या, ती वही, सगळं घेऊन गेले होते. किंमत ठरत आली तेवढ्यात मिस्त्री त्या पोराला म्हणाले, "ताईंनी माउंटिंग बदललेलं न्हाई. एसी लावून बघ, गुणगुणतंय." मी म्हटलं, मिस्त्री, तुम्हीच बदलू नका म्हणाला होता! तर म्हणाले, "तवा गाडी तुमची हुती."

पाच हजार कमी घेतले.