आधी उजेड, मग भिंग

दशावतारी नाटकातला संकासुर म्हणजे अंगभर काळा वेश आणि बाहेर लोंबणारी लालभडक जीभ. तो तीन इंचांच्या मातीच्या बाहुलीत उतरवायचा, तर काळ्यावरच्या काळ्या चुण्या रंगवणाऱ्याला दिसायला हव्यात. मसुऱ्यातल्या आमच्या घराच्या पडवीत मी दशावताराची अशी लहान पात्रं रंगवतो. दिवा कुठे ठेवायचा आणि भिंग किती पटीचं घ्यायचं, हे मला सगळ्यात जास्त संकासुरानेच शिकवलं.

पहिला धडा मात्र वाडीतल्या गणपतीच्या शाळेतला. तिथे डोळ्यांची आखणी करणारे काका सांगायचे, "झिला, उजेड डावीकडसून घे. हाताची सावळी कामार पडाक नको." उजव्या हाताने काम करणाऱ्याने हे कायम पाळावं. मी मुख्य दिवा डावीकडे थोडा वर ठेवतो आणि सावल्या सौम्य करायला उजवीकडे एक मंद दिवा. संकासुराच्या वेळी उजवा दिवा बंद करतो आणि डावा इतका खाली आणतो की उजेड मूर्तीवर तिरपा घासून जातो. मग प्रत्येक चुणीची कड उठून दिसते. समोरून झोत टाकला की तोच वेश सपाट दिसतो, शिवाय ओला काळा रंग चमकून डोळ्यांवर येतो.

दिवसाचा उजेड उत्तम खरा, पण आमच्याकडे तो बेभरवशाचा. माडांच्या झावळ्या हलल्या की टेबलावरच्या सावल्या हलतात. पावसाळ्यात आभाळ भरून येतं, आणि अंगण इतकं हिरवंगार होतं की त्याची झाक पांढऱ्या रंगावर चढते. हिरवट पांढऱ्याला पांढरा समजून त्यात लाल मिसळला, तर त्वचेचा रंग बिघडलाच. म्हणून रंग जुळवायला मी 5000 केल्विनच्या आसपासचा एलईडी वापरतो. त्याचा सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा अंक, 90 च्या वर असलेला बघून घेतो. नुसते वॉट बघून दिवा घेऊ नये. भरपूर उजेड देणाऱ्या स्वस्त दिव्याखालीही लाल रंग मरगळलेला दिसतो.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात. दशावतारी गंजिफेत दहा रंगांची प्रत्येकी 12, अशी 120 गोल पानं असतात. एका संचातली पानं एकमेकांशी जुळायची, तर उजेड रोज बदलून चालेल कसा? माझ्या पात्रांनाही हाच नियम.

भिंगाची पाळी यानंतर. हातात धरायचं भिंग एक हात अडवून ठेवतं, म्हणून मी चष्म्यावरून डोक्याला लावायचं भिंग घेतलं. पावणेदोन पटीच्या भिंगातून साधारण 35 सेंटीमीटरवर स्पष्ट दिसतं, अडीच पटीच्या भिंगातून 20 वर. पट वाढली की मान पुढे झुकते, कुंचल्याला जागा कमी उरते आणि स्पष्ट दिसणारा थरही पातळ होतो. नाकाचा शेंडा नीट दिसला तर कान धूसर. म्हणून वेश, दागिने पावणेदोन पटीत आणि डोळ्यांची बुबुळं तेवढी अडीच पटीत. काम संपलं की भिंगावर कापड टाकतो. कोवळं ऊन पडवीत थेट येतं, आणि बहिर्गोल काच ते एका बिंदूवर गोळा करून खालची वस्तू जाळू शकते.

शेवटची तपासणी मात्र भिंग काढून, हातभर अंतरावरून आणि घरातल्या पिवळ्या बल्बखाली. पिवळ्या उजेडात निळा काळपट होतो, पांढऱ्या-पिवळ्यातला फरक पुसट होतो. मूर्ती बघणारा माझ्या टेबलापाशी येणार नसतो. ती त्याच्या दिवाणखान्यात, त्याच्या दिव्याखाली उभी राहणार असते. तिथे पीतांबर पांढरट दिसणार असेल, तर मी पिवळा एक छटा गडद करतो.

शिकायला येणारी मुलं आधी भिंगाचीच चौकशी करतात. मी त्यांना सांगतो, असतील ते पैसे आधी चांगल्या दिव्यात घाला. अपुऱ्या उजेडात भिंग फक्त अंधार मोठा करून दाखवतं.